मफलर निवडण्याआधी आरपीएमचा काटा बघा

प्रश्न : माझी गाडी १.६ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल, टर्बो नाही, पाच गिअरची मॅन्युअल. चालवायला झकास आहे, पण आवाज अगदी शिलाई मशीनचा. मला जरा भरदार, खर्जातला आवाज हवाय; गल्ली जागी करायची नाही. एक मित्र म्हणतो, मागचा डबा, म्हणजे मफलर, कापून सरळ पाइप जोड, फुकटात काम होईल आणि पॉवरही वाढेल. दुसरा म्हणतो, चेंबरवालाच घे. मी रात्र रात्र व्हिडिओ बघतोय आणि जितके बघतो तितका गोंधळ वाढतोय. रोज कामावर जाताना महामार्गावर तासभर गाडी एकाच वेगात असते, तेव्हा आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा २४००च्या आसपास असतो. सुट्टीच्या दिवशी आई-बाबा मागे बसलेले असतात. कुठला मफलर घेऊ?

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: महामार्गावर तासभर एकच वेग आणि काटा २४००वर. मफलर निवडायचा तो या वाक्यावरून. चेंबर की सरळ, दोन इंची की अडीच इंची, कुठल्या कंपनीचा, हे सगळं नंतर.

का ते सांगतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तुमचे सिलिंडर चार, म्हणजे एका फेरीत दोन ठोके. मिनिटाला २४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ४०, आणि ठोके झाले ८०. तुमच्या एक्झॉस्टचा मुख्य सूर त्या वेगाला ८० हर्ट्झचा आहे. आता काचा बंद केलेली केबिन, छताचा पत्रा, डिक्कीचा तळ हे सगळं साधारण ५० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात कुठे ना कुठे घुमतं. एक्झॉस्टचा सूर नेमका त्या जागी पडला की कान दडपतात, छातीत घूं होतं. एक्झॉस्टचं काम करणारे याला ड्रोन म्हणतात. वेग थोडा वाढवला की तो जातो, कमी केला तरी जातो. पण तुमच्या रोजच्या वेगालाच आला तर ठाण मांडून बसतो. पहिल्या दिवशी गंमत वाटते. आठवड्याभरात माणूस गाण्यांचा आवाज वाढवायला लागतो आणि महिन्याभरात जुना डबा कुठे ठेवलाय ते शोधायला लागतो. मागच्या सीटवर हा त्रास बहुतेक वेळा जास्त होतो, कारण डबा तिच्याच मागे, जवळ असतो. म्हणजे तुमच्या गाडीत तो आई-बाबांच्या वाट्याला.

व्हिडिओ बघून गोंधळ वाढतोय यात तुमची काही चूक नाही. ज्याची भीती तेच व्हिडिओत ऐकू येत नाही. फोन रेकॉर्ड करताना मोठा आवाज आपोआप खाली ओढतो आणि बारीक आवाज वर उचलतो, त्यामुळे शांत मफलर आणि कानठळ्या बसवणारा मफलर दोन्ही जवळपास सारखेच वाटतात. खालचे सूर फोनच्या छोट्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाहीत. ८० हर्ट्झ तर नाहीच नाही. शिवाय व्हिडिओ काढणारा उभा असतो गाडीच्या मागे, गाडी असते न्यूट्रलला, आणि तो रेस देतो. तुम्ही बसणार पुढे, काचा लावून, पाचव्या गिअरमध्ये, पाय स्थिर. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

डब्यावर किंवा जाहिरातीत छापलेल्या डेसिबलच्या आकड्याचीही तीच गत. हे आकडे बहुतेक वेळा ए मापनातले असतात, म्हणजे माणसाचा कान जिथे कमी ऐकतो तिथले सूर त्यातून वजा केलेले असतात. ८० हर्ट्झला ही वजाबाकी साडेबावीस डेसिबलची आहे. म्हणजे ज्या घुमण्याने डोकं उठतं ते आकड्यात आधीच पुसून टाकलेलं असतं. आवाज मोजायचं अॅप वापरणार असाल तर त्यात सी मापन निवडा. तिथे ८० हर्ट्झला वजाबाकी अर्ध्या डेसिबलची. मफलर बदलण्याआधी आणि बदलल्यावर, त्याच फोनने, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला मोजा. आलेला आकडा खरा धरू नका, फक्त फरक बघा. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात.

आता तुमच्या अपेक्षेबद्दल थोडं. मफलर आवाज निर्माण करत नाही. तो असलेल्या आवाजातलं काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं एवढंच ठरवतो. मोठ्या अमेरिकन व्ही-८ची, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या इंजिनाची, गडगड येते ती क्रँकशाफ्टच्या रचनेतून: दोन्ही बाजूंच्या चार-चार सिलिंडरांत ठोके समान अंतराने पडत नाहीत. सुबारूच्या जुन्या बॉक्सर इंजिनांची ओळखीची गुरगुर येते ती एक्झॉस्टच्या नळ्या कमीजास्त लांबीच्या असल्यामुळे. तिथे समान लांबीचा हेडर, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या नळ्यांचा जुडगा, लावला की गुरगुर गायब होते. तुमच्या चार सिलिंडरांचे ठोके दर १८० अंशांनी, अगदी घड्याळ लावून पडतात. त्यातून गडगड निघणार नाही, कितीही मोठा मफलर लावा. निघू शकतो तो एक गोल, जाडसर, स्वच्छ आवाज, जो अॅक्सिलरेटर दाबल्यावर वर येतो आणि पाय स्थिर झाला की मागे जातो. मला विचाराल तर छोट्या इंजिनाला हाच शोभतो. व्ही-८ची नक्कल करायला गेलेली १.६ लिटरची गाडी लांबून ऐकली तरी ओळखू येते.

मफलरच्या पोटात काय असतं ते बघू, कारण निवड तिथेच होते.

चेंबरवाल्यात पत्र्याचे कप्पे असतात. वायू वळसे घेत जातो, ध्वनिलहरी कप्प्यांच्या भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकींना खोडतात. आत आवाज शोषणारी लोकर नसते, त्यामुळे जळून जायला, उडून जायला काही नाही. डबा गंजेपर्यंत आवाज फारसा बदलत नाही. तुमच्या गाडीचा मूळ मफलरही बहुधा याच घराण्यातला आहे, फक्त त्यात कप्पे जास्त आणि पोट मोठं. कंपनीच्या इंजिनिअरांनी ते कप्पे तुमच्याच इंजिनाचे खालचे सूर मारण्यासाठी मापून केलेले असतात. बाजारातला दोन किंवा तीन कप्प्यांचा मफलर मात्र मोठ्या इंजिनांचा बाज समोर ठेवून केलेला असतो. छोट्या चार सिलिंडरला तो लावला की वर धारदार आणि खाली घुमणारा, असा दोन्हीकडचा वाईट माल बरेचदा पदरात पडतो. तुमच्या दुसऱ्या मित्राची गाडी वेगळी असेल तर त्याचा अनुभव खोटा नाही; तो तुमच्या गाडीला लागू होत नाही, इतकंच.

दुसरा प्रकार सरळ आरपार. मध्ये भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती काचतंतू, बेसॉल्ट किंवा स्टीलची लोकर, आणि वर पत्र्याचं कवच. एका टोकातून पाहिलं की दुसऱ्या टोकाचा उजेड दिसतो. आवाजाच्या लहरी भोकांतून लोकरीत शिरतात आणि तिथे त्यांची उष्णता होऊन जिरतात. हे काम उंच सुरांवर उत्तम होतं, खालच्या सुरांवर जेमतेम. छोट्या इंजिनाची टरटर, तो नाकातून आल्यासारखा कर्कशपणा उंच सुरांतच असतो. म्हणून आरपार मफलर लावला की कर्कशपणा जिरतो, खर्ज उरतो आणि आवाज भरदार वाटतो. तोटाही त्यातूनच येतो: उरलेल्या खर्जात ८० हर्ट्झही असतो.

या प्रकारात डब्याची लांबी आणि पोट यांना सगळ्यात जास्त महत्त्व आहे. लांब डबा म्हणजे जास्त लोकर, जास्त शोषण. बंपरखालून तोफेसारखे डोकावणारे आखूड गोल मफलर दिसायला जोरदार असतात, पण त्यांत लोकर इतकी थोडी की ते आवाज गाळण्यापेक्षा बाहेर फेकतातच जास्त. लोकर पातळ असेल, स्वस्त असेल, तर ती काही काळाने जळते किंवा भोकांतून उडून जाते आणि मफलर दर महिन्याला थोडा मोठ्याने बोलायला लागतो. नळीला लागून स्टीलच्या तारांचा थर आणि त्याबाहेर लोकर असा डबा मिळाला तर तो जास्त टिकतो.

दुकानात हातात घ्याल तेव्हा बोट आत घालून नळी चाचपून बघा. भोकं सपाट लागली तर ठीक. पत्र्याला चिरा देऊन जिभा आत वळवलेल्या असतील तर त्या बोटाला अडकतील. तसा मफलर वायूलाही अडवतो. मग सरळ नळीचा फायदा काय राहिला?

मधला एक प्रकार आहे, त्याला टर्बो मफलर म्हणतात. टर्बोचार्जरशी त्याचं आता काही नातं नाही. १९६२ साली शेव्हरोलेटच्या कॉर्व्हेरची टर्बो आवृत्ती आली, तिचा मफलर हवा छान वाहू देतो हे हौशी लोकांच्या लक्षात आलं, त्यांनी तो भलत्याच गाड्यांना लावायला सुरुवात केली आणि नाव चिकटलं. आत नळी एस आकारात वळते, भोवती थोडी लोकर असते. मूळ मफलरपेक्षा थोडा मोकळा, आरपारपेक्षा बराच शांत. घरच्यांचा विरोध असेल तर हा तडजोडीचा माल. तुमचं समाधान त्याने होईल की नाही याची मला शंका आहे.

आता पहिल्या मित्राच्या फुकट सल्ल्याकडे वळू. डबा कापून सरळ पाइप जोडला की काही दिवस तुम्हाला आपण शर्यतीत असल्यासारखं वाटेल. ३५००च्या पुढे आवाज फाटेल, २४००ला घुमेल, आणि सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर तर विचारूच नका. गार असताना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिन मुद्दाम जास्त आरपीएमला आणि उशिराच्या ठिणगीवर चालतं. मूळ मफलर असतानाही पहिला मिनिट-दीड मिनिट आवाज मोठा असतो तो त्यामुळे. गल्ली जागी करायची नाही असं तुम्हीच लिहिलंय, आणि ती जागी होते ती याच दीड मिनिटात.

पॉवरचं म्हणाल तर ते पी हळद अन् हो गोरी. टर्बो नसलेल्या १.६ लिटरच्या इंजिनात मागचा मफलर हा काही मोठा अडथळा नसतो. मोकळा मफलर लावून अगदी वरच्या आरपीएमला चुकून काही मिळालं तरी पायाला ते जाणवणार नाही. आवाज वाढला की गाडी वेगवान वाटते, हा कानाचा खेळ आहे. उलट बाजूचे लोक म्हणतात की इंजिनाला बॅकप्रेशर, म्हणजे एक्झॉस्टमधून येणारा उलटा दाब, लागतंच. तेही खरं नाही. इंजिनाला अडथळा नको असतो. त्याला लागते वायूची गती. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की गती मंदावते, एका सिलिंडरच्या ठोक्याने पुढच्या सिलिंडरचा जळका वायू ओढून काढायचा जो फायदा असतो तो घटतो आणि खालच्या आरपीएमला पिकअप मंद वाटतं. म्हणून तुमचा आत्ताचा पाइप ज्या मापाचा आहे त्याच मापाचा मफलर घ्या. तुमच्यासारख्या इंजिनाला दोन इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर, पुरून उरतात. अडीच इंची पाइप मोठ्या किंवा टर्बो इंजिनांसाठी राहू द्या. नवा पाइप वाकवावा लागलाच तर मॅन्ड्रेलवर, म्हणजे आतून आधार देऊन, वाकवलेला मागा. साध्या यंत्रावर वाकवलेला पाइप वळणावर चेपतो आणि ५१ मिलिमीटरचं माप तिथे कागदावरच राहतं.

तर तुमच्यासाठी माझं मत असं. मूळ पाइपच्याच मापाचा, भोकांच्या सपाट नळीचा, आरपार मफलर; गाडीखालच्या जागेत मावेल तितका लांब आणि अंडाकृती, म्हणजे उंची न वाढता पोट मोठं मिळतं. आणि मधला रेझोनेटर जिथे आहे तिथेच ठेवायचा.

या रेझोनेटरबद्दल दोन शब्द जास्त, कारण वेल्डर बहुतेक वेळा तोच आधी कापायला निघतो. गाडीच्या तळाशी, कन्व्हर्टर आणि मफलर यांच्या मधे एक छोटा, निमुळता डबा दिसेल. तो आवाज फारसा कमी करत नाही, पण आवाजातला खरखरीतपणा काढतो. मफलर बदलला आणि रेझोनेटरही काढला की दोष कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. मफलर बदलल्यावर महिनाभर चालवा, लोकर बसते, आत काजळीचा थर धरतो, सूर किंचित खाली येतो, आणि मगच आणखी काही करायचं का ते ठरवा. कन्व्हर्टरला मात्र कधीच हात लावू नका. तो काढला तर आवाज कर्कश होतो, धुराला वास येतो, इंजिनचा दिवा पेटतो, आणि बहुतेक देशांत ते सरळ बेकायदा आहे. मागचा मफलर दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांच्या नंतर येतो, त्यामुळे तो बदलल्यावर इंजिनाच्या संगणकात काही करायची गरज पडत नाही. कोणी मफलरबरोबर ट्यूनिंगही खपवत असेल, आणि तेही अॅक्सिलरेटर सोडताना फटाके फुटतील अशा वर्णनासह, तर हात जोडा. ते फटाके म्हणजे एक्झॉस्टमध्ये जळणारं इंधन, आणि त्याची झळ कन्व्हर्टरला बसते.

एवढं करूनही २४००ला घुमलं तर? शक्यता आहे, मी नाकारत नाही. डिक्कीत जाड चटया घालायचा सल्ला मिळेल. पत्र्याची थरथर त्यांनी कमी होते, ८० हर्ट्झचा सूर त्यांना फारसा जुमानत नाही. त्यावरचा खरा इलाज पाइपमध्येच आहे. मुख्य पाइपला एक फाटा काढायचा आणि त्याचं दुसरं टोक बंद करायचं. लहर त्या फाट्यात शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि फाट्याची लांबी लहरीच्या एक चतुर्थांश असेल तर ती बरोबर उलटी होऊन मुख्य लहरीला भेटते आणि दोघी एकमेकींना खोडतात. हिशेब सोपा आहे. ३०० अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ४८० मीटर असतो. भागिले ८० केलं की लहर ६ मीटर लांब, तिचा चौथा हिस्सा दीड मीटर. प्रत्यक्षात बंद फाट्यात गरम वायू वाहत नाही, तो मुख्य पाइपपेक्षा गार राहतो, तिथे ध्वनीचा वेग कमी पडतो, म्हणून लांबी दीड मीटरपेक्षा थोडी कमी लागते. जाणकार कारागीर टोकाची टोपी आधी वेल्ड करत नाही, क्लॅम्पवर सरकती ठेवतो. रस्त्यावर चालवून, दोन-चार सेंटिमीटर पुढेमागे करून घुमणं सगळ्यात कमी होतं तिथे पक्की करतो. फाटा इंग्रजी जे (J) अक्षराच्या आकारात वळवून मुख्य पाइपच्या शेजारून नेता येतो. वायू त्यातून वाहत नसल्यामुळे मोकळेपणा जात नाही, आणि तो एकाच अरुंद पट्ट्यातला सूर मारत असल्यामुळे बाकी आवाज तसाच राहतो. मात्र यासाठी तुमचा तो २४००चा आकडा अचूक हवा. म्हणून आत्ताच, काही न बदलता, एक-दोन दिवस काटा नीट बघून लिहून ठेवा: कुठल्या वेगाला किती, चढावर किती, आई-बाबा आणि सामान असताना तुम्ही खरंच कुठल्या गिअरमध्ये असता.

ज्या वाचकांच्या गाड्या वेगळ्या आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. सिलिंडर तीन असतील तर २४००ला सूर ६० हर्ट्झचा, सहा असतील तर १२० हर्ट्झचा. बाकी विचार तोच. टर्बो गाडीत टर्बाइन स्वतःच ठोके बोथट करतं, त्यामुळे तिथे मोकळा मफलर चालून जातो, आणि पेट्रोलच्या काजळीचा फिल्टर असेल तर मागचा मफलर बदलून फरक थोडाच पडतो. काही नव्या गाड्या केबिनमधला खालचा आवाज मारायला स्पीकरमधून उलटा सूर सोडतात. ती यंत्रणा मूळ एक्झॉस्ट धरून बसवलेली असते. मफलर बदलल्यावर ती कधी कधी घुमणं कमी करायच्या ऐवजी वाढवते. अशी गाडी असेल तर आधी त्याची चौकशी करा.

धातूबद्दल फार लिहीत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गाडी जवळच्या जवळ फिरत असेल तर ते वाफ होऊन निघून जात नाही, मागच्या डब्यात साचतं आणि डबा आतून सडतो. ४०९ क्रमांकाचं स्टेनलेस वरून तांबूस होतं पण टिकतं. ३०४ जास्त टिकतं, चकाकतंही. ३०४ सांगून दुसरंच काही देत नाहीत ना, हे बघायला खिशात चुंबक ठेवा. ३०४ला तो जवळजवळ चिकटत नाही, ४०९ला आणि अॅल्युमिनियमचा थर दिलेल्या साध्या पोलादाला चटकन चिकटतो. तुमची गाडी रोज तासभर तापते, म्हणजे तुम्हाला ४०९ चालेल. पाइपच्या तोंडाला लावायची चकचकीत टीप हौसेपुरती; तिने आवाजात पडणारा फरक नगण्य.

नियम देशोदेशी वेगळे आहेत, आणि काही ठिकाणी मूळ नसलेला मफलर लावणंच चालत नाही. खरेदीआधी तुमच्याकडचा नियम वाचा, दुकानदाराच्या तोंडच्या हमीवर जाऊ नका. संयुक्त राष्ट्रांचे वाहन नियम मानणाऱ्या देशांत मान्यताप्राप्त मफलरवर वर्तुळातलं ई अक्षर आणि शेजारी आकडा कोरलेला असतो. तो स्टिकरवर नाही, पत्र्यावर बघा. उभ्या गाडीचा आवाज मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धतही ठरलेली आहे: पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात मायक्रोफोन, आणि इंजिन ठरावीक आरपीएमला. तपासणीत कोणी मायक्रोफोन थेट पाइपच्या तोंडासमोर धरला तर हरकत घेता येते. गाडी वॉरंटीत असेल तर तीही अट आधी विचारून घ्या.

बसवताना तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. पहिल्यांदा वेल्डिंग करू देऊ नका, पट्टीच्या क्लॅम्पवर बसवून घ्या, म्हणजे पटलं नाही तर तासाभरात जुना डबा परत चढतो. लटकवायची रबरं जुनी, भेगाळलेली असतील तर त्याच वेळी बदला. एक्झॉस्ट तापला की लांबतो आणि इंजिनाबरोबर हलतो, म्हणून इंधनाची टाकी, स्टेपनीची खळगी आणि बंपरचं प्लास्टिक यांच्यापासून चारही बाजूंनी बोटं जातील इतकी जागा सुटली आहे का ते खाली वाकून बघा. बऱ्याच वेळा ज्याला ड्रोन म्हणतात ते पत्र्याला टेकलेल्या पाइपचं घरघरणं असतं, आणि ते एका रबराने जातं. पाइपचं तोंड गाडीच्या मागच्या कडेबाहेर यायलाच हवं, गाडीखाली संपता कामा नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डिक्कीच्या फटीतून तो केबिनमध्ये येतो, आणि मागे माणसं बसलेली असतात. इंजिन गार असताना सुरू करून प्रत्येक सांध्याजवळ हात धरा. फट असेल तर फुंकर लागते आणि टिकटिक ऐकू येते. गरम झाल्यावर हे करायला जाऊ नका.

शक्य असेल तर खरेदीआधी अशाच इंजिनाची, हाच मफलर लावलेली गाडी कोणाकडे आहे का ते शोधा आणि तिच्या मागच्या सीटवर बसून महामार्गावर अर्धा तास फिरून या. बाहेर उभं राहून ऐकायचा मोह आवरा. आई-बाबांना बरोबर नेलंत तर निकाल लवकर लागेल.

बसवल्यावर आठवडाभराने, पाइप काही वेळा तापून गार झाले की, सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून घ्या. आणि जुना मफलर रबरं आणि क्लॅम्पसकट कोरड्या जागी ठेवून द्या. तपासणीला जाताना किंवा गाडी विकताना तो लागतो.